ताण उतरण्यासाठी दिवसात जागा कशी ठेवावी

ताण येऊच नये असा कोणताही उपाय नाही, आणि तसा उपाय शोधत राहण्यानेच पुष्कळ माणसे अधिक थकतात. म्हापशाहून पणजीला कामावर जाणारा माणूस पर्वरीच्या वाहतूक कोंडीत अडकणारच, वेर्णाच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलली की झोपेची घडी विस्कटणारच, आणि चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीपासून नेवऱ्यांपर्यंतच्या (करंज्यांपर्यंतच्या) तयारीचा विचार घरातील बाईच्या डोक्यात आधीपासून सुरू होणारच. पाहायचे ते एवढेच, की आलेला ताण त्याच दिवशी उतरतो की दुसऱ्या दिवसाच्या ताणावर चढून बसतो. भरतीचे पाणी वेळेवर बाहेर सोडणारे बांधाचे दार नादुरुस्त झाले की खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतली, शेती खारावते. दोष भरतीचा नसतो. म्हणून पुढे दिलेल्या सर्व उपायांचा हेतू एकच आहे: दिवसाच्या वेळापत्रकात ताण उतरण्यासाठी ठरलेल्या जागा राखून ठेवणे.

त्यासाठी शरीरात काय घडते हे थोडे समजून घेतलेले बरे. संकटाची चाहूल लागली की मेंदूच्या सूचनेवरून मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात आणि पचन मंदावते. हे सारे काही क्षणांत होते. त्यामागून कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते आणि प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याची पातळी सर्वांत वर जाते. याचा व्यवहारातला अर्थ फार उपयोगाचा आहे. कार्यालयात वरिष्ठांशी खटका उडाल्यानंतर किंवा घरात शब्दाने शब्द वाढल्यानंतर आपण शांत झालो असे वाटले, तरी शरीर अद्याप शांत झालेले नसते. त्यामुळे पुढचा अर्धा तास तरी कोणताही निर्णय घेऊ नये, राजीनाम्याची भाषा करू नये आणि व्हॉट्सॲपवर लांब उत्तर लिहू नये. त्या अर्ध्या तासात भांडी घासावीत, झाडांना पाणी घालावे किंवा वाड्यावर एक फेरी मारून यावे.

हान्स सेली या संशोधकाने १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम, औषधांची मात्रा अशा अगदी वेगवेगळ्या कारणांनी त्रास झालेल्या उंदरांच्या शरीरात बदल मात्र सारखेच झालेले त्याला आढळले होते. आपल्या बाबतीतही शरीर कारणांमध्ये फारसा भेद करीत नाही. कर्जाचा हप्ता, मुलीची दहावीची परीक्षा, शेजाऱ्याशी चाललेला हद्दीचा वाद आणि सासऱ्यांचे आजारपण हे चार वेगळे प्रश्न असले, तरी मान आखडते ती एकच आणि झोप मोडते तीही एकच. त्यामुळे चारही प्रश्न सुटेपर्यंत विश्रांती पुढे ढकलणे चुकीचे आहे; प्रश्न तसेच असतानाही शरीराला उतार देता येतो.

या उपायांसाठी कोणी मोठा गुरू किंवा महागडे शिबिर लागते, अशी समजूतही सोडून द्यावी. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे, आणि त्यावरून रोज शेकडो लोक जातात. १७५६ साली कांदोळी येथे जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. प्रयोगकर्त्याच्या अंगातून काही चुंबकीय शक्ती वाहते हे त्या काळचे मत त्यांनी नाकारले आणि जे घडते ते समोरच्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनामुळे घडते, असे प्रतिपादन केले. शांत होण्याची क्षमता माणसाच्या आतच असते, हे गोव्यात तरी कोणाला परके वाटू नये.

उच्छ्वास लांबवणे

सुरुवात उच्छ्वासापासून करावी, कारण हा उपाय कोठेही करता येतो आणि त्याचा परिणाम लगेच जाणवतो. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि बाहेर सोडताना ती कमी होते. त्यामुळे उच्छ्वास लांबवला की शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था अधिक कार्यरत होते. पाठ टेकून बसावे, खांदे खाली सोडावेत, एक हात बेंबीच्या किंचित वर ठेवावा. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्यावा. हाताखालचे पोट हलकेच वर आले पाहिजे, छाती फुगता कामा नये. मग सहा आकडे मोजत, गरम पेजेवर फुंकर घालावी इतक्या मंद गतीने, श्वास सोडावा. आकडा साधारण एका सेकंदाचा धरला, तर एका आवर्तनाला दहा सेकंद लागतात आणि मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटे पुरेशी आहेत.

नवशिक्यांकडून एक चूक हमखास होते. बरे वाटायला हवे या घाईने ते भरपूर हवा आत ओढतात, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि हे आपल्याला जमत नाही असा त्यांचा ग्रह होतो. श्वास मोठा नको, मंद हवा. चार आणि सहा जड वाटत असतील तर तीन आणि चार मोजावेत. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी श्वास रोखून धरू नये. वर सांगितलेल्या पद्धतीत तो रोखायचा नसतोच.

वेळ वेगळा काढावा लागत नाही. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहताना, कदंबच्या बसमध्ये जागा मिळाल्यावर पहिली पाच मिनिटे, किंवा संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून झाल्यावर तेथेच बसून हा अभ्यास करावा. आधीपासून अंगवळणी पडलेल्या कामाला जोडलेली नवी सवय टिकते. ‘वेळ मिळाला की करू’ असे म्हटलेली सवय सहसा टिकत नाही. वाहन चालवताना मात्र डोळे मिटून असे काहीही करू नये.

ज्यांना आकडे मोजणे रुक्ष वाटते त्यांनी नामजप करावा. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की लॅटिनमधील ‘आवे मारिया’ ही प्रार्थना किंवा ‘ओम मणिपद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येते. आजीची जपमाळ आणि शेजारच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळी होणारा तेर्स (जपमाळेची प्रार्थना) यांनी शरीराला एकाच तऱ्हेचा दिलासा मिळतो, हे वाचून फार समाधान वाटते. जप करताना मात्र तो ठराविक संख्येने लवकर उरकण्याचा प्रयत्न करू नये. एका उच्छ्वासावर पूर्ण नाम, एवढेच पथ्य पाळावे.

भजनाला जाऊन बसणे

गोव्यातील मराठी माणसाला ताण उतरवण्याचे सर्वांत सोपे साधन कोणते, असे विचारले तर माझे उत्तर गावच्या देवळातील भजन हे आहे, आणि ते केवळ भाविकतेपोटी दिलेले उत्तर नाही. भजनात काय होते ते जवळून पाहावे. बुवा अभंगाचा चरण म्हणतात, पाठीमागची मंडळी तो उचलते, पखवाज लय धरतो, आणि चरणाचा शेवटचा स्वर लांबवताना सगळ्यांचा श्वास एकदम बाहेर पडतो. म्हणजे जो लांब उच्छ्वास एकट्याने मोजून साधावा लागतो, तो येथे पंधरा-वीस माणसांबरोबर न मोजता तासभर साधला जातो. हातात टाळ असला की ताल सांभाळावा लागतो, आणि जे मन दिवसभर कालच्या अपमानावर आणि उद्याच्या बैठकीवर फिरत होते त्याला समेवर येण्याचे काम मिळते. शिवाय तेथे कोणी कोणाला ‘तुझे काय चालले आहे’ असे खोदून विचारत नाही. पण दोन आठवडे दिसला नाहीत तर कोणीतरी दारात येऊन चौकशी करते. दुःख न सांगताही सोबत मिळण्याची अशी दुसरी जागा शोधून सापडणे कठीण आहे.

गळा नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. पहिले काही आठवडे मागच्या रांगेत बसून नुसते ऐकावे, नंतर ध्रुपद उचलावे, टाळ कसा धरायचा ते शेजारच्याकडून शिकून घ्यावे. भ्रमणध्वनी घरी ठेवावा किंवा बंद करून पिशवीत टाकावा, आणि चित्रफीत काढण्याचा मोह टाळावा, कारण यंत्र हातात घेतले की आपण भजनातून बाहेर पडतो. आठवड्यातला एकच वार धरावा, पण तो मोडू नये.

विश्रांती म्हणजे शांतताच, असेही मानू नये. चवथीच्या आरतीला घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांचा घोष सुरू झाला की अंग घामाने भिजते, आवाज बसतो, आणि तरीही घरी परतताना खांदे हलके झालेले असतात. ताणाच्या वेळी शरीराने हालचालीसाठी केलेली तयारी तेथे खरोखर वापरली जाते. हाच लाभ फुगडीला आहे आणि पौषातील धालोंनाही, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचण्याच्या खेळांनाही, आहे. ज्यांना देवळात जाणे रुचत नाही त्यांनी नाट्यसंगीताचा वर्ग, गावच्या नाटकाची तालीम किंवा संध्याकाळचा व्हॉलीबॉल निवडावा. अटी दोनच: इतर माणसे बरोबर असावीत आणि त्या वेळी दुसरे काही करता येऊ नये.

दुपारची विश्रांती

दुपारी एकनंतर मडगाव-म्हापशातील अनेक दुकाने साडेतीन-चारपर्यंत बंद असतात, आणि बाहेरून आलेल्यांना त्याचे नवल वाटते. या प्रथेची लाज बाळगण्याचे कारण नाही. दमट उष्म्यात दुपारी घेतलेली थोडी विश्रांती उरलेल्या दिवसाचा चिडचिडेपणा कमी करते. ती २० ते ३० मिनिटांची असावी आणि तीनच्या आत संपावी. तासापेक्षा अधिक झोप घेतल्यास उठल्यावर जडपणा येतो आणि रात्रीची झोप लांबते. ज्यांना रात्री झोप लागतच नाही त्यांनी दुपारची झोप काही आठवडे पूर्णपणे सोडून पाहावी.

कार्यालयात आडवे होता येत नसेल तर खुर्चीवर बसून स्नायू सैल करण्याची रीत करावी. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ती विकसित केली. पायाची बोटे पाचेक सेकंद घट्ट आवळावीत आणि एकदम सोडून द्यावीत. सुटल्यानंतरचा सैलपणा पंधरा-वीस सेकंद नीट अनुभवावा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे आणि शेवटी जबडा व कपाळ, असे वर वर यावे. पुष्कळांना या वेळी प्रथमच कळते की आपण दिवसभर दात आवळून काम करीत होतो.

चालणे, चहा आणि मद्य

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. मिरामारची वाळू जवळ असेल तर उत्तमच, पण सत्तरी तालुक्यातील कुळागराची (माड-पोफळीच्या बागेची) पायवाट किंवा वाड्यावरचा रस्ता कमी प्रतीचा नाही. जून ते सप्टेंबर या काळात पावसाने सर्व नियम मोडतात. तेव्हा देवळाच्या सभामंडपात फेऱ्या माराव्यात.

चहा-कॉफीतील कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणून झोपेची तक्रार असणाऱ्यांनी दुपारच्या चहानंतरचा चहा सोडावा. मद्याबद्दल अधिक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. गोव्यात ते स्वस्त आहे, हाकेच्या अंतरावर आहे आणि ‘थोडी घेतली की बरे वाटते’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, परंतु उत्तररात्री ती वारंवार मोडते, सकाळी अस्वस्थता वाढलेली असते आणि ती घालवण्यासाठी संध्याकाळी पुन्हा घ्यावीशी वाटते. ताण उतरवण्याचे साधन म्हणून मद्य घेणे सुरू झाले असेल, तर ती गोष्ट किरकोळ समजू नये.

रात्रीची वही

अंथरुणावर पाठ टेकली की काळज्या रांगेने येतात, याचे कारण दिवसभर त्यांना वेळच दिलेला नसतो. म्हणून रात्री जेवणानंतर, झोपण्याच्या निदान तासभर आधी, वहीत मधोमध रेघ मारावी. डाव्या बाजूला आपल्या हातातील गोष्टी लिहाव्यात: गॅसची नोंदणी, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पंचायतीतून आणायचा दाखला. प्रत्येकीसमोर कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणी करायचे तेही लिहावे. उजव्या बाजूला आपल्या हातात नसलेल्या गोष्टी लिहाव्यात: आखातातील भावाची नोकरी टिकेल का, निकाल कसा लागेल, शेजारी ऐकेल का. उजवीकडील ओळींसमोर काहीही लिहायचे नाही. पहिल्या काही रात्री तो कोरा भाग फार बोचतो; तरीही तो तसाच ठेवून वही मिटावी आणि दुसऱ्या खोलीत ठेवावी.

भ्रमणध्वनीही त्याच खोलीत राहू द्यावा. सकाळी उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवावी. अंथरुणात वीसेक मिनिटे तळमळ झाली तर उठून मंद प्रकाशात काहीतरी साधे वाचावे आणि डोळे जड झाल्यावर परतावे.

जो ताण श्वासाने उतरत नाही

काही ताण अन्यायातून आलेले असतात, आणि तेथे श्वासाचे धडे देणे हा त्या माणसावर दुसरा अन्याय ठरतो. पहाटे उठून डबे भरणारी, नोकरी करून घरी येताच पुन्हा स्वयंपाकघरात शिरणारी आणि चवथीला वीस माणसांचे जेवण रांधणारी स्त्री थकली असेल, तर तिला प्राणायाम शिकवण्याआधी घरातल्यांनी कामे वाटून घ्यावीत. हे वाटप मोघम नको. ‘मदत करीन’ या शब्दाला काही अर्थ नाही; ‘मंगळवार, गुरुवार आणि शनिवारची रात्रीची भांडी माझी, बाजारहाट माझा’ याला अर्थ आहे. वाटून घेतलेले काम आठवून देण्याची जबाबदारीही तिच्यावर राहू नये. माझ्या मते घरातील समतोलाचा विचार येथूनच सुरू झाला पाहिजे.

कामाच्या ठिकाणीही नकार देण्याची वाक्ये आधी तयार ठेवावीत. ‘हे आज होणार नाही, शुक्रवारी सकाळी करून देतो’ किंवा ‘हे हाती घेतले तर ते मागे पडेल, आपल्याला आधी कोणते हवे आहे ते सांगावे’ असे नम्रपणे म्हणता येते. ऐन वेळी शब्द सुचत नाहीत, म्हणून ती घरी मोठ्याने म्हणून पाहावीत.

मदत कधी घ्यावी

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली असेल, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, कारण नसताना रडू येत असेल किंवा छातीत धडधड होऊन कामावर जाणे अवघड झाले असेल, तर घरगुती उपायांवर विसंबून राहू नये. छातीत दुखत असेल तर ते ताणामुळेच आहे असे स्वतः ठरवू नये. आधी डॉक्टरांना दाखवावे. जीव देण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नये: जवळच्या माणसाला लगेच सांगावे, एकटे राहू नये आणि ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही शासकीय सेवा २०२२ साली सुरू झाली असून ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. बांबोळी येथील शासकीय मानसोपचार संस्थेतही तपासणी होते.

उपचार म्हणजे केवळ गोळ्या, अशी भीती पुष्कळांना असते. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी नैराश्याच्या रुग्णांवर एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना आनंद आणि समाधान देणाऱ्या कृती आखून त्या पुन्हा सुरू करायला साहाय्य केले. ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यापेक्षा या रुग्णांत अधिक सुधारणा दिसली. मन लागेल तेव्हा भजनाला जाऊ असे न म्हणता, मन लागत नसतानाही ठरलेल्या वारी जाऊन बसावे, या सल्ल्याला यातून आधार मिळतो.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची नोंद बरोबर न्यावी: किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, कोणती औषधे चालू आहेत, चहा आणि मद्य किती झाले, कोणत्या वेळी जीव अधिक घाबरा झाला. शक्य असल्यास घरातील एका माणसाला सोबत न्यावे आणि ती नोंद त्यालाच वाचून दाखवायला सांगावे, कारण तपासणीच्या खोलीत शिरताच ‘तसे विशेष काही नाही, डॉक्टर’ असे म्हणून परतणारे आपल्याकडे फार आहेत.